ओढून बघा

गॅरेजात लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली फोरमन हात वर घालून चाचपत होता आणि मिस्त्री बाजूला उभे राहून बघत होते. काल त्यांनीच हातावेगळी केलेली गाडी आज टो होऊन परत आली होती. भर चढावर गिअर अडकला, मागे ही रांग लागली, असं मालकीणबाई तावातावाने सांगत होत्या.

"कनेक्टर अर्धाच बसलाय," फोरमन म्हणाला. हा फोरमन मिस्त्रींचा सख्खा मेव्हणा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तारा जोडणारा तो मुठीएवढा तुकडा. जुन्यातून तेल झिरपायचं, म्हणून कंपनीने नवा काढला. जुना पिळून बसवायचा. बसला की मनगटालाच कळायचं. नवा मेला दाबायचा आणि 'टक' ऐकायचं! हातोड्यांच्या संगतीत आयुष्य काढलेल्या कानांना ती टक कुठून ऐकू येणार? मिस्त्रींनी हे घरीसुद्धा कबूल केलं नव्हतं. बहिऱ्याला कामावर ठेवतो कोण? मेव्हणा झाला म्हणून काय झालं!

"दाजी, काल टक ऐकलीत ना?"

"ऐकली की! कान शाबूत आहेत माझे."

मेव्हणा त्यांच्या पाठीमागे गेला. जरा वेळाने समोरचा इलेक्ट्रिशियन आपल्याकडे विचित्र बघतोय, असं मिस्त्रींना वाटलं. ते वळले. मेव्हणा मागून केव्हाचा हाका मारत होता. बिंग फुटलं होतं.

मिस्त्रींची मान खाली गेली. आता 'उद्यापासून घरी बसा' एवढंच ऐकायचं उरलं होतं.

मेव्हणा मात्र बाईंकडे वळला. "चूक गॅरेजची आहे, बाई. चढावर मी स्वतः चालवून बघतो, मगच गाडी न्या." मग त्याने सगळ्यांना दणदणीत हाक घातली. "ऐका रे! नवा कनेक्टर नुसत्या आवाजावर सोडायचा नाही. बसवला की ओढून बघायचा. हलला नाही तरच बसला. सगळ्यांनी. मीसुद्धा. दाजी, हा तुम्हीच बसवा."

मिस्त्रींनी दाबला, ओढला. जागचा हलला नाही. डोळे भरून आले. बायकोने माहेरून काय आणलं, असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं, तर त्यांनी या मेव्हण्याकडेच बोट दाखवलं असतं.

शेजारच्या गाडीखाली इलेक्ट्रिशियन काम करत होता. पाना पडल्याच्या आवाजावरून त्याचा नंबर सांगणारा, इतका तिखट कानाचा माणूस. त्याने कनेक्टर दाबला आणि मग निमूटपणे ओढून बघितला.