एक भाकरी जास्त

महानंदानं जर्मनची वाटी घासली, धुतली, पदरानं कोरडी केली आणि दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर पालथी घातली. वाटी अजीजाबींची. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे महानंदाला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेंगदाण्याची चटणी, आणि काहीच नसेल तर निदान गुळाचा खडा तरी ती त्यात घालायचीच. आज तिनं मुद्दाम काही घातलं नाही. भिंतीपलीकडं अजीजाबी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वाटीकडं पाहिलं, महानंदाकडं पाहिलं आणि हातातली ओली चादर झटकली.

"आपा, एका शब्दानं तरी सांगायचं होतं," महानंदा म्हणाली.

"चांगले लोक हायत, महानंदा. झाडांची नर्सरी हाय. जागा लई मोठी हाय."

"म्या जागा इचारली न्हाय."

अजीजाबी एरवी कुणाला शेवटचा शब्द बोलू द्यायच्या नाहीत. भाजीवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, स्वतःच्या सुनेला, सगळ्यांना त्या पुरून उरायच्या. आज मात्र त्यांनी दुसरी चादर उचलली आणि तिच्या आड उभ्या राहिल्या. महानंदा आत गेली आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

भांडण एका कुत्रीवरून होतं. जळकोटला हायवेच्या कडेला महानंदाच्या नवऱ्याचं, विरुपाक्षचं, किराणा दुकान आणि दुकानामागं घर. ऐन उन्हाळ्यात एका ट्रकनं दुकानासमोर तिला उडवलं. महानंदानं नवऱ्याच्या मागं लागून तिला पोत्यात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, मोडलेल्या मागच्या पायाला प्लास्टर करून आणलं. घरी आल्यावर ती परसातल्या पायरीखाली शिरली आणि जवळ येईल त्याच्यावर दात विचकायला लागली. विरुपाक्ष म्हणाला, हिचं काही खरं नाही. महानंदा मात्र पायरीजवळ तिच्याकडं पाठ करून बसली आणि भाजी निवडायला लागली. वळून बघायचं नाही, हात पुढं करायचा नाही, नुसतं बसायचं. गवार झाली, मेथी झाली, अंबाडी झाली, पुन्हा गवार झाली. एका दुपारी पाठीला काहीतरी ओलसर लागलं. कुत्रीनं नाक टेकवलं होतं. अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी पडलं.

डॉक्टर म्हणाले, हाड धरायचं तर अंडी घाला. आता आली का पंचाईत. महानंदाच्या घरात सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा कुणी पीत नाही, तिथं अंडं कोण उकडणार? ते अजीजाबींनी अंगावर घेतलं. त्यांचंही एक होतं, पाच वेळच्या नमाजी बाई, कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की सगळं धुणं आलं. म्हणून बुंदी राहायची महानंदाच्या परसात, भाकरी खायची तिच्या हातची आणि अंडी अजीजाबींच्या चुलीवरची. उकडलेली अंडी वाटीतून भिंतीवर यायची. वाटी परसातच घासून, त्यात काहीतरी घालून, भिंतीवरूनच परत जायची. प्लास्टर निघालं तेव्हा बुंदीला चालायला शिकवायचं होतं. अजीजाबींनी आपली जुनी हिरवी ओढणी काढली. ती बुंदीच्या पोटाखालून घेतली, एक टोक महानंदाच्या हातात, एक अजीजाबींच्या हातात, आणि मधे लटपटणारी बुंदी. महानंदा कानडीत "बा, बा" म्हणायची, अजीजाबी "आजा गे" म्हणायच्या, आणि कुत्री दोघींचं ऐकायची. गल्लीतले लोक हसायचे. हसेनात का बापडे.

ती बरी झाली की चांगल्या घरी द्यायची, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. हायवेच्या कडेला कुत्रं सांभाळणं म्हणजे पुन्हा ट्रकच्या तोंडी देणं, हे महानंदाच सगळ्यांना सांगायची. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं, फोनवरच्या ग्रुपात तिचा फोटो टाकला. एक जण बघायला आला, त्याच्या पोरानं बुंदीचं शेपूट ओढलं. महानंदानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा येतानाच हातात साखळी घेऊन आला. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

पण म्हणून ती देणारच नव्हती असं नाही. जुन्या इरकली लुगड्यांची एक लहानशी गोधडी ती शिवायला बसली होती. लेकीला सासरी पाठवताना देतात तशी बुंदीबरोबर द्यायची, म्हणजे नव्या घरात तिला ओळखीचा वास येईल. नव्या लोकांना सगळं आपल्या तोंडानं सांगायचं: हॉर्न वाजला की ती थरथरते, तेव्हा ओरडू नका. पाठीमागून हात लावू नका. "बा" म्हटलं की येते. हे सगळं मनात जुळवून ठेवून ती भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेली. विरुपाक्ष दिवसभर दुकानात, म्हणून मागच्या दाराची किल्ली अजीजाबींकडं ठेवली. परत आली तर परसात फक्त पाण्याचं भगुणं होतं.

"अजीजाबीनं दिली," विरुपाक्ष तागडीत साखर टाकत म्हणाला. "माणूस आला, घिऊन गेला. म्या गिऱ्हाईक बघत होतो."

आणि अजीजाबींनी भिंतीपलीकडून मान खाली घालून सांगितलं, व्हय, म्याच दिली.

महानंदाच्या जिवाला ते लागलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नसेल ते तिनं या बाईला सांगितलं होतं. किल्ली ठेवली ती काय घर राखायला? घरात राखण्यासारखं होतं तरी काय? तिच्या भरवशावर बुंदीला ठेवून ती गेली होती आणि तिनंच पाठ फिरताच डाव साधला. लोकांनी दगा दिला तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं. आपल्या माणसानं दिला की शिवी तोंडात येत नाही, नुसतं आत खुपत राहतं.

दोघींचं बोलणं बंद झालं. वाटी भिंतीवर पालथीच राहिली. अजीजाबींनी ती नेली नाही, महानंदानं सुलटी केली नाही. पावसानं धुतली, धुळीनं माखली. विरुपाक्षच्या मात्र गावीही नव्हतं. त्याची भूक उलट वाढलेली. सोमवारी तो टेम्पो घेऊन तुळजापूरला माल भरायला जायचा, तेव्हा निघताना हमखास म्हणायचा, "एक भाकरी जास्त बांध. उन्हातान्हाची भूक लागती." महानंदा बांधून द्यायची. गड्याला कशाचं काही नाही, असं मनात म्हणायची आणि गोधडीला चार टाके घालायची.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, गोधडी पुरी झाली. महानंदानं डॉक्टरांना फोन करून नर्सरीचा पत्ता घेतला, नळदुर्गला बांगड्या भरायला जाते म्हणून सांगितलं आणि एसटीनं थेट तुळजापूर गाठलं.

नर्सरी गावाबाहेर, रस्त्यापासून आत होती. आंब्याची कलमं, मोगऱ्याची रोपं, मातीनं भरलेल्या पिशव्यांच्या ओळी. तिशीतला एक माणूस पाइपनं पाणी देत होता. त्याचं नाव रुद्रेश. तिनं जळकोटचं नाव घेतलं तसा तो पाइप टाकून पुढं आला.

"काकू व्हय? या, या. दमा कसा हाय आता?"

महानंदाला काही कळेना. "कुणाचा दमा?"

"तुमचाच की. काका म्हणले न्हवं, कुत्र्याच्या केसानं तुमाला दम लागतो, रात रात झोप न्हाय, म्हणून द्यावी लागायली. लई वाईट वाटायलं म्हणले काकूला, पण इलाज न्हाय."

महानंदानं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात तिला कधी साधी धाप लागली नव्हती.

"बरा हाय," ती म्हणाली. "बुंदीला काकांनीच आणून सोडली व्हय?"

"काकांनीच. टेम्पोत पुढं, शेजारी बसवून. आता बी दर सोमवारी येतेत की. तासभर बसतेत तिच्यापशी. तुमच्या हातची भाकरी लई आवडती तिला. म्या घातलेली हुंगून सोडती बघा." रुद्रेश हसला. "आन् अंडी. हाड अजून कच्चं हाय म्हणून डॉक्टरनी थंडीभर अंडी सांगितलीत. आमच्यात चालत न्हाय. काका उकडलेली आणतेत, शेजारच्या आपा देतेत म्हणं."

शेडच्या कोपऱ्यात बुंदीची जागा होती. पोत्यावर एक हिरवी ओढणी अंथरलेली होती, नीट, चारी बाजूंनी आत खोचून. महानंदानं ती ओढणी ओळखली. तिच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं: एक जण भाकरी नेतोय, एक जण अंडी देतेय, वर ओढणीसुद्धा पाठवलीय. सगळा संसार पहिल्यासारखाच चालला होता. फक्त तिला वगळलं होतं, आणि भाकऱ्या तिच्याकडूनच थापून घेतल्या होत्या. बाळंतपण आपण करावं आणि बारसं दुसऱ्यांनी उरकावं, तसं झालं होतं.

बुंदी कलमांच्या ओळीमागून आली. अंग भरलं होतं, पाय जरासाच ओढत होती.

"बा," महानंदा म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली. "बा, बा."

कुत्री जागच्या जागी थांबली. मग अशी धावत आली की दुखरा पाय टेकायलाही विसरली. तिनं महानंदाचे हात चाटले, पदर चाटला, पायांवर डोकं टाकून पडली. महानंदा खाली बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. थोड्या वेळानं रुद्रेशनं पाइप उचलला तशी बुंदी उठली, अंग झाडलं आणि त्याच्या मागं मागं निघाली, रोजच्या कामावर निघाल्यासारखी. ओळीच्या टोकाला तिनं एकदा वळून बघितलं.

महानंदानं ओढणी काढली नाही. तिच्यावर गोधडी पसरली, कोपरे सरळ केले आणि उठली.

"पुन्हा या काकू," रुद्रेश म्हणाला. "पण केसांनी तरास हुईल न्हवं तुमाला."

"व्हय," महानंदा म्हणाली.

घरी ती कुणाला काही बोलली नाही. सोमवारी सकाळी चूल पेटवून ती दुकानाच्या आतल्या दाराशी उभी राहिली. शटर अर्धं वर होतं. अजीजाबी वाकून आत आल्या, कागदात गुंडाळलेलं काहीतरी विरुपाक्षच्या हातात दिलं, हळूच काही बोलल्या आणि आल्या तशा गेल्या. विरुपाक्षनं ते माल आणायच्या पिशवीत तळाशी ठेवलं. इतके सोमवार हे तिच्या नाकासमोर चाललं होतं.

तो भाकरी घ्यायला आला. तिनं बांधून ठेवलेलं फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते हातात तोललं.

"एक जास्त बांधलीय," ती म्हणाली. "उन्हातान्हाची भूक लागती."

"थंडीय की आता," तो म्हणाला आणि लगेच तिथून निघाला.

तो संध्याकाळी परतला. टेम्पोतला माल तसाच ठेवला. चप्पल काढून आत आला आणि चुलीपाशी भिंतीला टेकून बसला. महानंदा पिठाचा डबा काढत होती.

"गोधडी बघितली," तो म्हणाला.

"ऊब हाय का तिला?"

"हाय."

तिनं परातीत पीठ काढलं. मधे आळं केलं.

"तुला सांगितलं असतं तर तू दिलीच नसतीस," तो म्हणाला. "दोघं आले, दोघांना हाकललंस. असं करता करता ती पुन्हा ट्रकखाली गेली असती, मग?"

"ह्यो तिसरा चांगला हाय. म्या दिली असती."

तिनं दिली असती की नाही, हे आता तिलाही कधी कळणार नव्हतं. ती वेळच त्यांनी तिच्यावर येऊ दिली नव्हती, आणि याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

"आपावर राग धरू नको," तो खाली बघत म्हणाला. "त्या नको म्हणत होत्या. म्याच गळी उतरवलं त्यांच्या. म्हणलं, शेजारणीवर रुसली तर चार दिवसांनी बोलंल. माझ्यावर रुसली तर..."

"तर काय?"

तो चुलीतलं लाकूड उगाच आत सरकवत राहिला.

"म्हंजे म्या कुणावर रुसायचं," महानंदा म्हणाली, "ते बी तुमी दोघांनीच ठरवलं."

पाणी उकळलं होतं. तिनं ते पिठाच्या आळ्यात ओतलं आणि उलथन्यानं कालवायला लागली. खिडकीतून मधली भिंत दिसत होती, तिच्यावरची वाटी दिसत होती. पलीकडं अजीजाबींच्या परसात दिवा लागला. त्या बाहेर येऊन भिंतीशी घुटमळल्या, इकडं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि आत गेल्या.

"येत्या सोमवारी चल की माझ्यासंगं," विरुपाक्ष म्हणाला. त्याच्या आवाजात इतक्या दिवसांत नव्हती अशी अजीजी होती. "टेम्पोत जागा हाय. आपाला बी घिऊ. बुंदी किती खूश हुईल बघ."

महानंदानं पिठाचा गोळा मळला, परातीत आपटला, पुन्हा मळला.

"म्या कशी येऊ?" ती म्हणाली. "मला दमा हाय."