चाखणं जेवणात धरत नाहीत

बायकोचं यकृत निकामी होत चाललं होतं. मी सत्तरीला टेकलेला, त्यामुळे माझं यकृत कुणी विचारलंही नाही. तिचा धाकटा भाऊ बेकरी चालवतो. आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तो आपणहून पुढे आला, पण तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्यालाच थांबवलं.

"तुमच्याच यकृतात चरबी साठलीय. असं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही. शरीर मग खाल्लेलं वापरायचं सोडून साठवत बसतं. पण वजन उतरायला लागलं की यकृत लवकर सुधारतं. सहा आठवडे देते. त्याहून जास्त थांबणं तुमच्या ताईंना परवडणार नाही."

आहाराचा तक्ता मी केला. उभा जन्म ग्रंथालयात गेला, म्हणून चार पुस्तकं चाळली आणि तक्ता तीनदा खोडला. मेहुण्याने तो निमूट पाळला. साखर बंद, तळलेलं बंद, रोज तासभर चालणं. तीन आठवड्यांत वजन उतरलं जेमतेम अर्धा किलो.

"माझा तक्ताच चुकला असणार," मी म्हणालो.

"जगात काहीही बिघडलं की तुमचंच चुकलेलं असतं," बायको पलंगावरून म्हणाली. "अहो, जरा बेकरीत जाऊन बसा. तो दिवसभर करतो काय ते बघा."

पिठाच्या पोत्यावर बसून बघत राहिलो. भट्टीतून ट्रे निघाला की मेहुणा एक बिस्किट मोडून तोंडात टाकी. क्रीम फेटलं की बोट चाटी. दुपारपर्यंत हे सतरा वेळा झालं.

"तू हे सगळं खातोस?"

"खातो कुठे? चाखतो." तो खरोखरच चकित झाला. "भाऊजी, चाखणं कुणी जेवणात धरतं का? न चाखता माल बाहेर काढला तर गिऱ्हाईक दारात फिरकायचं नाही."

माझ्या तक्त्यात तरी चाखण्याचा रकाना कुठे होता?

"उद्यापासून मी चाखतो."

"तुम्ही? चहात साखर नसली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही."

"शिकेन."

दुसऱ्या दिवशी त्याने तोंडाला फडकं बांधलं. मी प्रत्येक ट्रेला "बरं आहे" म्हणत होतो.

"बरं म्हणजे काय? ठेवू का फेकू?"

आयुष्यात मी दुकानदाराला फाटकी नोटसुद्धा परत केलेली नाही. तीन दिवस सगळंच ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी क्रीम जिभेवर ठेवलं आणि म्हणालो, "फेक. लोणी खवट आहे."

त्याने फडकं खाली ओढून वास घेतला. पातेलं रिकामं केलं, फडकं पुन्हा नाकावर चढवलं.

सहा आठवडे भरले तेव्हा त्याचं वजन पाच किलोने उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या यकृताचं नवं चित्र दोनदा पाहिलं आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहिली. मग त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या ताणलेल्या गुंड्यांवर गेली.

"तुमचंही यकृत एकदा बघायला हवं."

"त्यांना रांगेत उभं करा," बायको म्हणाली. "आधी माझा नंबर."