आशीर्वादाची खिडकी

निम्मी वस्ती सुईणीच्याच हातावर जन्मली होती. पण तिचा फोटो काढायची कुणाची छाती झाली नव्हती. तिच्या पंथात चेहरा म्हणजे देवाची ठेव. ज्याने त्याची नक्कल उतरू दिली, त्याने पंथाच्या गाऊन होणाऱ्या प्रवचनाला दाराबाहेर बसायचं. इतकी वर्षं सुईणपणाच्या परवान्यावर फोटोच्या जागी अंगठा चालला. मग वरच्या कोर्टाने निकाल दिला: श्रद्धा ज्याची त्याला, ओळखपत्रावर मात्र चेहरा हवाच.

परवाना बदलून घ्यायचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून विनापरवाना बाळंतपण केलं तर तुरुंग. आणि घरी पहिलटकरीण सून दिवस भरून बसलेली. तिला सासूखेरीज दुसरा हात नको होता.

परवाना कचेरीत खिडकीमागचा कारकून फारच गोड बोलला. "बसा की मावशी, घाई कशाला?"

"मला नाही रे बाबा, पोटातल्याला आहे."

तो हसला. "फोटो नको ना? राहू द्या. अंगठा द्या, झालं काम."

तिला खरंच वाटेना. तिने घाईघाईने अंगठा उठवला. शेजारच्या टेबलांवरची कुजबुज थांबली होती.

"आणि आशीर्वाद? तो नाही द्यायचा?"

तिला भरून आलं. त्यांच्यात झाकल्या तोंडाने आशीर्वाद देत नाहीत. तिने तोंडावर ओढलेलं कापड मागे सारलं, त्याच्या नजरेला नजर दिली. "सुखात नांद, लेकरा."

काचेमागे बारीकसं काही चमकलं. नवं ओळखपत्र बाहेर सरकलं, कोमट. त्यावर तीच होती, हसरी.

"पुसून टाक!"

"वरच्या कचेरीत गेलं, मावशी. माझ्या हातात नाही आता." तो तितकाच गोड होता. "मनाला लावून घेऊ नका. या आठवड्यात तुमच्यातले अकरा जण आले. सगळ्यांनी असाच आशीर्वाद दिला."

अकरा! कालच्या प्रवचनाच्या गाण्यात त्यातलेच कोणी तिच्या मांडीला मांडी लावून टाळी धरून बसले असतील.

पायरीवर नवरा थांबला होता. वस्तीचं प्रवचन तोच गायचा, दाराबाहेर कुणाला बसवायचं तेही तोच ठरवायचा.

"अहो, माझा चेहरा गेला," ती म्हणाली. "फसवून घेतला. सून मोकळी होऊ दे, मग मला बाहेर बसवा."

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू एकटीच ना गं? आणखी कुणी नाही?"

तिने मागे बंद झालेल्या खिडकीकडे पाहिलं, ते अकरा जण आठवले.

"एकटीच."

"देवाची कृपा," तो म्हणाला, आणि भराभर चालू लागला.