मद्रासपर्यंतचे शॉकप

सांगलीत इलाही मिस्त्रीनं माझ्या फियाटसाठी शॉकपच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांच्या, दोन जोड्या पुढं ठेवल्या. एक कडक, एक मऊ.

"कडक बसीव," मी म्हणालो. गेल्या साली मद्रासच्या शर्यतीत मऊ शॉकपवर गाडी वळणावर म्हशीगत डुलली आणि मी शेवटचा आलो होतो.

"आवं नाथाजीराव, गाडी तिथवर न्यायची कशी?"

"चालवत. ट्रक तुझा बाप देतोय काय?"

"मग ह्या खड्ड्यांच्या रस्त्यानं कडक शॉकप बेळगावाआधीच गाडी मोडतील."

"जाताना मऊ बसीव. कडक तिथं बसवतो."

"शॉकप बदलताना स्प्रिंग दाबायचं यंत्र हितं जमिनीत गाडलंय. तिथं काय दातानं दाबणार?"

मी टायरला लाथ घातली. मग मऊ जोडी उचलून त्याच्या हातात दिली. शेवटचं यायलासुद्धा मद्रासला पोचावं लागतं.