ब्रेकच्या तारेची सारंगी

वास आधी चाँदपाशाला आला. डोक्यावरचं तबल्या-डग्ग्याचं गाठोडं खाली ठेवायच्या आतच त्यानं नाक मुरडलं आणि विचारलं, "बसू, तुझ्या मामाच्या घरात कुणी मेलंय का?"

बसवराजनं गोदामाचं दार सताड उघडलं. महांतप्पामामानं तिघांना राहायला दिलेली जागा म्हणजे घरामागचं गोदाम होतं. त्याच्या अर्ध्या भागात मिठात मुरवलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी छातीइतकी रचून ठेवली होती. श्रावणाची ओल धरून त्यांच्याखालून काळपट पाणी झिरपत होतं आणि जमिनीच्या उतारानं ते नेमकं त्यांच्या सतरंजीकडं येत होतं. माश्यांचा आवाज असा एकसारखा होता, की चाँदपाशानं कान देऊन तो कुठल्या सुरात आहे तेही सांगून टाकलं.

मामानं गोदाम उघडून देतानाच खुलासा केला होता. कातड्याचा धंदा त्याचा नव्हे, हैदराबादच्या भागीदाराचा. त्याचं नुसतं गोदाम.

तिघंही नळदुर्गचे. बसवराज सुंद्री वाजवायचा. सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण, दीड वीत लांबीची, पण फुंकणाऱ्याचा दम काढणारी. चाँदपाशाचा तबला. आणि सादिकची सारंगी, जी त्याच्या बापानं एका जहागीरदाराच्या पदरी तीस वर्षं वाजवली होती. जहागिरी गेल्या, राज्य बदललं, जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, आणि सारंगीला गाणारणीच्या मागं बसण्यापलीकडं काही काम उरलं नाही. या तिघांनी ठरवलं होतं की गाणारीण नको, गाणारा नको, नाच नको. तीन वाद्यांनी एकमेकांशी बोलायचं आणि लोकांनी ते बसून ऐकायचं. असलं काही या भागात कुणी ऐकलं नव्हतं. वर्षभर सादिकच्या घराच्या ओसरीवर घासून त्यांनी पाच-सहा राग असे बसवले होते, की सुंद्री कुठं थांबली आणि सारंगी कुठं सुरू झाली हे सादिकच्या आईला, जमिलाबीलासुद्धा आतून कळत नसे.

आता पहिला हंगाम जुळला होता, आणि तो सगळा मामाच्या शब्दावर उभा होता. श्रावणभर मुरूमला मामाच्या घरी मुक्काम आणि दोन्ही वेळच्या पूजेला वादन. दसऱ्याला उमरग्याच्या व्यापाऱ्यांची बैठक. चंपाषष्ठीला अणदूरच्या खंडोबापुढं, पौषात नळदुर्गच्या जत्रेत. उन्हाळ्यात गुलबर्ग्याला एका शाळेत महिनाभर राहून पोरांना शिकवायचं. मामा तालुक्यातल्या निम्म्या पंचांना ओळखत होता. उरलेले निम्मे त्याला ओळखत होते.

गोदामाआधीचा प्रसंग समोरच्या दारातला. इरम्मामामी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. मामानं हसत तिघांना या म्हटलं. आपण लिंगायत, आपल्यात जातपात नाही, शरणांचा धर्म आहे, असं दोनदा बजावलं. मग सादिकच्या खांद्यावरच्या खोळीकडं बोट करून विचारलं की याच्या तारा कशाच्या.

सादिक सरळ माणूस. तो म्हणाला, "तांतीच्या. बकऱ्याच्या आतड्याची तांत, मामा. म्या स्वतः वळतो."

मामाचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातून मामा निघून गेला. घरात लिंगपूजा आहे, सोवळं आहे, आतडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. चाँदपाशानं लगेच तबल्यावरचं कातडं पुढं केलं. याचं काय करायचं? मामा म्हणाला, तबल्याचं वेगळं, तबला देवापुढं वाजत आलाय. सारंगीला पोलादी तारा लावा, मग आपली काही हरकत नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं ते बसवराजनं. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली सादिकचं घर रानोमाळ झालं, तेव्हा हीच सारंगी बसवराजच्या आईनं, सिद्धम्मानं, म्हणजे या मामाच्याच सख्ख्या बहिणीनं, गोधडीत गुंडाळून आपल्या देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सिद्धम्मा रोज लिंग हातात घेऊन पूजा करायची आणि ती गोधडी एक हात अंतरावर असायची. तार कशाची, हे तिनं विचारलं नाही. एवढं एक वाक्य मामाला ऐकवलं असतं तर पुरे होतं. पण बसवराजच्या डोळ्यापुढं अणदूर, उमरगा, गुलबर्गा अशी सगळी गावं ओळीनं उभी राहिली. त्यानं सादिकला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पोलादी तारेनं आवाज फार बिघडायचा न्हाय."

सादिक त्याच्याकडं बघत राहिला. सारंगीबद्दल खोटं बोलायचं आणि तेही सारंगीवाल्याशी. पण हंगाम त्यालाही हवा होता, कदाचित सगळ्यात जास्त त्यालाच. तो म्हणाला, "बघू लावून."

मुरूमच्या बाजारात वाद्याची तार कुठली मिळायला. सायकलच्या दुकानातून ब्रेकची तार आणली, पीळ उलगडून एकेक पदर सुटा केला आणि सादिकनं त्या तीन तारा सारंगीवर चढवल्या. जुन्या तांती त्यानं वेटोळी करून खिशात ठेवल्या, आणि सारंगी घेऊन मामाच्या घरात जाताना त्या तो गोदामातल्या खुंटीला अडकवून जाऊ लागला. म्हणजे आतड्याला जागा कातड्याच्या शेजारी. त्यावर चाँदपाशा म्हणाला की बरं झालं, निदान एकाच बकऱ्याचे नातेवाईक एकत्र आले.

पहिल्या संध्याकाळी सारंगी किंचाळली. दुसरा शब्द नाही. तांतीवर घोड्याच्या केसांचा गज फिरला की माणसाच्या घशातून निघावा तसा आवाज येई. ब्रेकच्या तारेवर तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला. बसवराजच्या दातांना कळ लागली. आणि मामा मांडी हलवत म्हणाला, "आता कसं खणखणीत झालं!"

सारंगी बोटांच्या टोकांनी वाजत नाही. नखाच्या मुळाशी तार बाजूनं दाबून वाजते. तांत मऊ असते, ती वर्षानुवर्षं घासून तिथं घट्टा पाडते. पोलादी तारेनं आठवड्याच्या आत तो घट्टा कापला. सादिक चिंधीला गोडंतेल लावून बोटांना गुंडाळायचा, वाजवायला बसताना सोडायचा, उठला की पुन्हा गुंडाळायचा. तक्रार एकदाही केली नाही, आणि त्याची ती न केलेली तक्रार बसवराजला जेवताना, झोपताना, तोंड धुताना ऐकू यायची.

मग बसवराजनं दुसरी चूक केली. सारंगीचा चरचरणारा सूर झाकायला तो सुंद्री जोरात फुंकू लागला. हेतू चांगला होता, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण सुंद्री जोरात वाजली तशी माणसं तिच्याकडं बघू लागली. पूजेला येणाऱ्या बायका त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडू लागल्या. वर्षभर घासून दोन वाद्यांमधला जो सांधा त्यांनी दिसेनासा केला होता, तो त्यानं दहा-बारा दिवसांत उसवून टाकला. आणि सगळ्यात किळसवाणी गोष्ट ही, की कौतुक झालं की त्याला बरं वाटायचं. गोदामात परतून त्या ओल्या वासात सतरंजीवर पडलं की त्याला वाटे, हा वास कातड्यांचा नाही, आपल्या अंगाचाच आहे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मामानं पाहुणे बोलावले. उमरग्याचे दोन व्यापारी आणि अणदूरच्या जत्रेचे पंच शरणबसप्पा, जाडजूड, पान खाणारे, फारसं न बोलणारे गृहस्थ. मामानं लाउडस्पीकर आणवला होता. कर्णा पडवीच्या खांबाला बांधला आणि माइक बरोबर सुंद्रीच्या तोंडाशी ठेवला. बसवराजनं तो थोडा सारंगीकडं सरकवला. मामानं उठून पुन्हा जागच्या जागी आणला.

वादन झालं. वाजलं ते काय होतं, ते बसवराजला पुढं कधी आठवायचंही नव्हतं. मधेच सादिकनं एक जागा सुंद्रीसाठी मोकळी सोडली, नेहमीसारखी, पण तिथं सुंद्री आधीच दामटून शिरलेली होती. सादिकनं गज उचलून मांडीवर ठेवला आणि उरलेला वेळ तो नुसता मान हलवत बसला. पाहुण्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

पंगत बसली. बसवराजला आत, मामाच्या उजव्या हाताला पाट होता. सादिक आणि चाँदपाशासाठी अंगणात, शेवग्याखाली पत्रावळी मांडल्या होत्या. पावसाची भुरभुर होती. मामा स्वतः तुपाची वाटी घेऊन वाढत होता. बसवराजच्या पुरणपोळीवर त्यानं तूप सोडलं ते थांबवलंच नाही. पोळी बुडाली, तूप पानावरून पाटाकडं निघालं, आणि मामा खाली वाकून हळूच म्हणाला, "पाहुणे खूश हायेत. पर पुढच्या मुक्कामांना सारंगी नको. पेटीवाला म्या बघून ठेवलाय, आपल्यातलाच हाय."

बसवराजनं घास तोंडात धरून ठेवला.

"सादिकमियाँला दुखवायचं न्हाय बरं का," मामा म्हणाला. "पोरगं गुणी हाय. तूच सांग त्याला. तुझं ऐकतंय ते. तारेचंही तुझंच ऐकलं की."

तो गोड, कोमट, तुपात भिजलेला घास बसवराजच्या तोंडात फुगत चालल्यासारखा झाला. तो गिळताही येईना, थुंकताही येईना. त्याला मामाची शिसारी आली असं म्हणायला सोपं होतं. पण मामानं सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. तारेचं त्याचंच ऐकलं होतं. त्यानं घास गिळला, कारण भरल्या तोंडानं बोलता येत नव्हतं.

"मामा, सारंगी वाजंल ती तांतीची," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला, सगळी पंगत वळून बघू लागली. "न्हायतर आमी तिघंबी वाजवणार न्हाय."

मामानं वाटी सरळ केली. रागावला नाही. त्याच गोड आवाजात म्हणाला, "मग तुझा हंगाम तूच बघ, पोरा." आणि शेजारच्या पानावर तूप वाढायला गेला.

बसवराज पानावरून उठला. दारात मामी उभी होती. भरल्या पानावरून उठू नये म्हणून तिनं हात आडवा धरला, मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून तो खाली घेतला.

गोदामात त्यानं दोघांना सगळं सांगितलं. पेटीवाल्याचं, तुपाचं, आपण काय म्हणालो त्याचं. सांगताना त्याला आतून जरा हलकं वाटत होतं, आणि सादिक आता उठून गळ्यात पडेल अशी कुठंतरी आशाही होती. सादिक बसूनच राहिला. बोटांवरची चिंधी सोडत तो म्हणाला, "मला इचारलंस?"

"काय इचारायचं त्यात?"

"तार बदलताना तू ठरवलंस. हंगाम मोडताना बी तूच ठरवलंस. माझ्या नावानं पंगतीतून उठलास, मोठा झालास. माझ्या घरात आई हाय, तिला म्या काय सांगू? बसूनं माझी इज्जत राखली, म्हणून यंदा काम न्हाय?"

चाँदपाशानं दोघांकडं पाहिलं आणि सामान बांधायला घेतलं. तो म्हणाला, भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा, इथं तोंड उघडलं की माशी आत जाते.

मुरूमच्या मोडावर एका ट्रकवाल्यानं त्यांना घेतलं. नळदुर्गला उतरताना सादिक म्हणाला, "सकाळी तयार राहा. अणदूरला जायचंय. शरणबसप्पांशी तू बोलायचं. म्या बोलणार न्हाय, म्या नुसता शेजारी उभा राहणार."

बसवराजला परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. सगळं आयुष्य सुंद्री तोंडात धरून गेलं होतं ते काही उगाच नव्हे. तरी तो गेला. शरणबसप्पा ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी तिघांना पाहिलं आणि बसा म्हटलं नाही. बसवराज अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलला. सारंगी तांतीची आहे. तांत बकऱ्याच्या आतड्याची आहे. वाजवणारा सादिक आहे. ती तशीच वाजेल, आणि सुंद्री तिच्या बरोबरीनं वाजेल, वर चढून नाही. काल तुम्ही ऐकलं ते आमचं वादन नव्हतं. चंपाषष्ठीला चालणार असेल तर सांगा, नसेल तर आता सांगा.

शरणबसप्पांनी पानाला चुना लावला, पुसला, पुन्हा लावला. खंडोबाच्या दारात आतड्याचं कुणाला पडलंय, असं ते म्हणाले. वाघ्याची दिमडी घोरपडीच्या कातड्याची असते, तिला कुणी अंघोळ घालत नाही. पण महांतप्पाचा शब्द मोडून जत्रेच्या मांडवात बसवणं त्यांच्या हातात नव्हतं. मांडव लाउडस्पीकरवाल्यानं घेतला होता. पहाटेच्या पूजेनंतर ओवरीत जागा असते. तिथं बसा. बिदागी नाही. भंडारा आणि जेवण.

सबंध हंगामातून एक सकाळ उरली होती, आणि तीही ओवरीतली, जिथं झोपून उठलेली माणसं आळस देत असतात. बसवराजला वाटलं, नको म्हणावं. एवढं होऊन हे असलं पदरात घ्यायचं, याचाही त्याला वीट आला. त्याचं तोंड उघडलंही. मग तो थांबला आणि सादिककडं वळला.

"तू सांग," तो म्हणाला.

सादिकनं बोटांवरची चिंधी सोडून पाहिली. "बोटं भरून यायला महिना लागंल," तो शरणबसप्पांना म्हणाला. "चंपाषष्ठीला वेळ हाय. येतो आमी."

शरणबसप्पांनी पान तोंडात टाकलं आणि मान हलवली. परतीच्या रस्त्याला लागल्यावर सादिक बसवराजशी बोलला नाही, पण चाँदपाशाला त्यानं सांगितलं, की उद्यापासून तांती चढवून, बोटांना सोसेल तेवढं, ओसरीवर बसू, आणि बसूला सांग, पहिले चार दिवस त्यानं नुसतं ऐकायचं.