सी आणि डीच्या मधली भिंत

कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हच्या नावाखाली बोटाएवढी एक आडवी पट्टी असते. जागा भरत जाईल तशी ती डावीकडून निळी होत जाते, आणि मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की एकदम लाल होते. मध्ये पिवळी नाही, केशरी नाही. आमच्या घरातली पट्टी लाल झाली त्या सकाळी बाबा हेडफोन गळ्यात अडकवून लहान खोलीतून बाहेर आले आणि गाडी बंद पडली म्हणाले. मला वाटलं, ते थोडे खूश आहेत. मग मी तो विचार बाजूला सारला.

बाबांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. निम्म्या शहराने त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून बोलणी खाल्ली आणि लायसन्स मिळवलं. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा आवाज बसला. थंडीने बसला असेल म्हणून दिवस गेले, आणि शेवटी घशात गाठ निघाली. सर्जनने आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढायचं, लवकर काढायचं. काढलं तर माणूस वाचेल अशी चांगली आशा आहे, आवाज मात्र कायमचा जाईल. हॉस्पिटलमधल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक प्रोग्रॅम दिला. त्यातली वाक्यं एकेक करून वाचायची, कॉम्प्युटर ती साठवतो, आणि पुढे आपण टाइप केलेलं तो आपल्याच आवाजात बोलून दाखवतो.

बाबांनी तेवढं धरलं. वाक्यं पुरी होऊ देत, मग ठरवू, असं ते म्हणाले. सर्जनचा फोन आला की आई तेच सांगायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभी राहायची.

वाचताना घरात आवाज चालत नसे. मिक्सर बंद, पंखा बंद, दार लावलेलं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मटार सोलतानासुद्धा टरफलं हळू टाकायची, पण जीभ काही आवरत नसे. बाळ त्या पेटीशी जेवढं बोलतो तेवढं बायकोशी बोलला असता तर संसार सोन्याचा झाला असता, असं ती साठी उलटलेल्या भावाबद्दल म्हणायची. बाबांची वेगळीच तक्रार होती. 'आज हवा किती छान आहे' हे वाक्य आपण जन्मात कधी उच्चारलेलं नाही, आणि आवाज गेल्यावर तर नक्कीच उच्चारणार नाही.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून घरातलं वायर असलेलं सगळं माझ्याकडे येतं. आधी मी रीसायकल बिन रिकामी केली, तात्पुरत्या फाइल्स पुसल्या, फोटो सीवरून डीवर हलवले. पट्टी निळी झाली. चार दिवसांत पुन्हा लाल. शोधल्यावर कळलं की प्रोग्रॅम प्रत्येक वाचनाचा कच्चा तुकडा सीवर ठेवतो आणि पक्कं वाक्य डीवर. कच्चे तुकडे डोंगराएवढे झाले होते. ते पुसावेत तर पक्क्या वाक्यांना त्यांची गरज आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही ही माझी सवय. तेव्हाच मी विचारायला हवं होतं की किती वाक्यं राहिली आहेत. मी विचारलं नाही. राहिली असतील तर काळजी, आणि संपली असतील तर ऑपरेशनची त्याहून मोठी.

मग मी सी मोठी करायचं ठरवलं. सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कच्या दोन खोल्या. मधली भिंत डीकडे सरकवायची असेल तर डीमधलं सगळं सामान आधी पलीकडे न्यावं लागतं. हे चालू असताना काम मध्येच तुटलं तर काही सामान जुन्या जागी राहतं, काही नव्या, आणि कुठलं कुठे याचा हिशोब डिस्कलाच लागत नाही. जुनी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती, महिन्यापूर्वीची. वाईटात वाईट म्हणजे महिन्याचं वाचन जाईल, असं मी धरून चालले. वीज गेली तरी काम पुरं होईल एवढा यूपीएस होता. तो मी स्वतः तपासला.

काम सुरू करून मी पडद्यासमोर बसले. आकडा वाढत होता, इतका हळू की डोळे मिटून उघडले तरी तोच दिसे. आईने चहाला हाक मारली. मी स्वयंपाकघरात गेले, अर्धा कप प्यायले, परत आले.

पडदा काळा होता. यूपीएसचा दिवासुद्धा विझलेला. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"कोणी नव्हतं समोर," ते म्हणाले. "नुसतंच चालू होतं. बंद केलं."

जन्मभर त्यांनी हेच शिकवलं होतं. सीट सोडायची तर इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, मगच पाय खाली. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सी उघडली. डीवर क्लिक केलं तर पडद्यावर आलं, ही ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा. म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू करा. कर्सर 'होय'च्या इतका जवळ होता की मी माउसवरून हात उचलून मांडीवर ठेवला.

"गेलं का?" बाबांनी विचारलं. तेवढे दोन शब्दही अर्धे हवेचेच निघाले. तेव्हा मला माझ्या हिशोबातली चूक दिसली. महिन्याचं वाचन पुन्हा करता येईल असं मी धरलं होतं, पण वाचणारा घसा महिन्यापूर्वीचा राहिलाच नव्हता. जे गेलं ते या आवाजात पुन्हा भरता येणार नव्हतं. आणि वाक्यं पुरी होईपर्यंत बाबा ठरवणार नव्हते. गाठ मात्र कोणासाठी थांबलेली नव्हती.

कपाटातून हार्ड डिस्क आणली. वायर खोचताना दोनदा चुकली. आई दारात आली होती. तिच्यामागे आत्या, मटाराची ताटली तशीच हातात घेऊन. जुनी प्रत उघडली, प्रोग्रॅमला तिचा पत्ता दिला. गोल चक्र फिरत राहिलं.

मग पडद्यावर आलं: सर्व वाक्यं पूर्ण. बाकी एकही नाही.

मी ते पुन्हा वाचलं. तारीख पाहिली. प्रत महिन्यापूर्वीचीच होती. वाक्यं तेव्हाच संपली होती. त्यानंतर बाबा रोज दार लावून तीच वाक्यं पहिल्यापासून वाचत होते. आणि प्रोग्रॅम नवं वाचन जुन्याच्या जागी बसवत होता; महिनाभर रोज थोडा चांगला आवाज जाऊन त्या जागी थोडा वाईट येत होता. डी उघडली असती तर आम्हाला तोच मिळाला असता.

मी मागे वळून बाबांकडे पाहिलं नाही. एक वाक्य निवडलं आणि वाजवलं.

खोलीत बाबांचा आवाज भरला. भरदार, जरासा त्रासलेला, समोरचा ऐकत नाहीये हे आधीच ठाऊक असलेला. आत्याने ताटली टेबलावर ठेवली. आईने पदर तोंडाला लावला. वाक्य हवेबद्दलचंच होतं, पण कोणी हसलं नाही.

"बाळ," आत्या एवढंच म्हणाली.

बाबा खुर्चीवर बसले. मी बाजूला झाले. त्यांनी स्वतः ते वाक्य पुन्हा वाजवलं, मग आणखी एक, मग थांबले. त्यांच्या हातातून माउस निसटून टेबलाच्या कडेला लोंबकळू लागला, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. कधीपासून, ते मला ठाऊक नव्हतं. दार कायम लावलेलं असायचं.

"मला वाटायचं," ते थांबत थांबत म्हणाले, "वाचत राहिलो तोवर आवाज कोणी नेणार नाही."

आई पुढे आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बाबांनी घोट गिळला. गिळताना दुखलं ते चेहऱ्यावर दिसलं.

"डॉक्टरांना फोन लाव," ते आईला म्हणाले. "ऑपरेशन करायचंय म्हणावं. मिळेल तो पहिला दिवस."