आईबापांच्या सोयीची परीक्षा

'मुलं सांभाळत शिका! आपल्या घरी, आपल्या वेळेत!' ही जाहिरात वाचून तिला अगदी भरून आलं होतं. पाळणाघरात ती मदतनीस. दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची, घरी येऊन स्वतःची. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, बालसंगोपनाची पदविका नसेल तर पुढच्या वर्षी कामावर ठेवणार नाही. म्हणजे परीक्षा गेली की नोकरी गेली, इतकं सरळ.

अभ्यास सोयीचा होता, खोटं कशाला बोला! भांडी घासताना कानात धडे ऐकायचे, पिटुकली लेक झोपली की टिपणं काढायची. पण परीक्षा आली आणि सोय कुठल्या कुठे पळाली. कॅमेऱ्यासमोर बसायचं, दार बंद, दुसऱ्या कुणाचा आवाज नको, खुर्चीवरून उठलात की पेपर बाद! लहान मूल असलेल्या घरात हे जमतं होय? नियम करणाऱ्याच्या घरी कधी पाळणा हलला होता की नाही, देव जाणे.

बसड्रायव्हर नवऱ्यानं रजा घेतली होती, पण ऐनवेळी त्याला डेपोतून बोलावणं आलं. नणंद धावत आली. "वहिनी, तू निश्चिंत बस. मी आहे ना!"

अर्धा पेपर झकास गेला. मग बाथरूममधून किंकाळी आली, "आई!" पिटुकलीनं आतून कडी लावून घेतली होती आणि आता ती निघत नव्हती. नणंद बाहेरून दार बडवत होती, त्यानं पोर आणखीच बिथरली. आणि समोर पडद्यावर प्रश्न काय, तर म्हणे घाबरलेल्या मुलाला मोठ्यांनी धीर कसा द्यावा. थोडक्यात लिहा. घ्या!

क्षणभर तिनं खुर्ची घट्ट धरून ठेवली. मग गेली खड्ड्यात परीक्षा, म्हणत उठली. नणंदेला बाजूला केलं, दाराशी खाली बसली. "आई इथंच आहे गं. रडून घे आधी. झालं? आता कडीला हात लाव. हळू." पोर बाहेर आली ती गळ्यातच पडली. परत येऊन बघते तर पडद्यावर लाल अक्षरं: परीक्षा रद्द.

तिनं तक्रार केली. तिची सुनावणीही कॅमेऱ्यावरच. परीक्षाप्रमुख साहेब आपल्या घरी खुर्चीत बसलेले.

"मॅडम, मुलाची सोय तुम्ही आधी करायला हवी होती."

"सोय?" तिचं डोकंच फिरलं. "अहो, सोय असती तर मी तुमच्या जाहिरातीला कशाला भुलले असते? सरळ कॉलेजात जाऊन बसले नसते का?"

"तुमची अडचण समजते. पण नियम सगळ्यांना सारखा."

एवढ्यात साहेबांच्या घरात काहीतरी धाडकन पडलं आणि एका पोरीनं भोकाड पसरलं. साहेब ताडकन उठून पळाले. परतले ते मुलीला कडेवर घेऊन. "सॉरी हं. आज हिची आई नाहीये घरी."

'तुम्हीही बाद!' तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पोर हुंदके देत होती. "आधी डोकं बघा तिचं," ती म्हणाली. "टेंगूळ आलंय का? बघा, मी थांबते."

साहेबांनी चाचपून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा पेपर पुन्हा घेऊ. मध्ये उठलात तरी चालेल. फक्त बाकीच्यांना सांगू नका. नाहीतर सगळेच मागतील."

"मग सगळ्यांनाच द्या की!" ती कडाडली. "माझ्याबरोबर शिकणारे सगळे आईबापच आहेत. त्यांची पोरं काय कपाटात ठेवायची?"

"सांगितलंत तर तुमचंही काही करता येणार नाही, मॅडम."

मोठ्या बाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तरी साहेबांच्या देखत तिनं फोन उचलला, वर्गाचा ग्रुप उघडला आणि बोलायला लागली, "ऐका रे सगळ्यांनी. साहेब समोरच बसलेत."